शुक्रवारचे सहा ठोके

साल शहाण्णव की सत्त्याण्णव, आता खात्रीने सांगता येत नाही. या वयात माझा माझ्या आठवणींवर फारसा विश्वास राहिलेला नाही. वार मात्र शुक्रवार होता, कारण दुबईजवळच्या अजमानमधल्या आमच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकारखान्यात, शुकशुकाट होता. माणसं नमाजाला गेली होती. मालक, दोघे भाऊ, लंडनला असत. मी मॅनेजर, पण त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. हुकूम फॅक्सने यायचे.

शनिवारी भट्टी पेटवायची होती. भट्टीवाला रफिक, आमच्या दापोलीकडचा, म्हणाला होता, "साहेब, अस्तर गेलंय. नका पेटवू."

अस्तर म्हणजे भट्टीच्या आतला मातीचा थर. तो फुटला की वितळलेलं लोखंड समोरच्या माणसावर येतं, आणि समोर रफिकच उभा असायचा. अस्तरावर सळईचे तीन ठोके मारून तो कान द्यायचा. आवाज खणखणीत तर ठीक, बद्द तर धोका.

मी कळवलं. मालकांनी विचारलं, तुम्ही स्वतः तपासलंत का?

म्हणून त्या दुपारी मी एकटाच भट्टीच्या तोंडावर वाकलो. चार दिवस गार पडलेली भट्टी. आतून ओल्या मातीचा वास येत होता. अजमानमध्ये, जुलैत.

तीन ठोके मारले. खणखणीत. सळई बाजूला ठेवली, आणि अस्तराच्या मागून तीन ठोके आले... सावकाश... बद्द. मागे भट्टी तापवणारी तांब्याची गुंडाळी घट्ट बसवलेली. तिथे बोटसुद्धा शिरलं नसतं.

रफिक परतला तेव्हा मी पायरीवर बसलो होतो.

"काय साहेब, घामाघूम? उत्तर आलं वाटतं..."

"कसलं उत्तर?"

"मला मंगळवारपासून येतंय. तुम्ही पीएचडीवाले, तुम्हाला कसं सांगणार? म्हणून म्हटलं, अस्तर गेलं."

"उद्या तू रजा घे."

तो हसला. "मग दुसरा कुणी उभा राहील. शेठ लंडनच्या थंडीत बसून इथली भट्टी तापवणार! तुम्ही नको म्हणून लिहा ना... खलास."

लिहायला बसलो. कारण काय देणार? नोकरीची भीती होती, पण त्याहून जास्त हसं होण्याची. 'तपासलं. आवाज खणखणीत.' माझे तीन ठोके लिहिले. उरलेले तीन लिहिले नाहीत.

उत्तर आलं, पेटवा.

शनिवारी सकाळी नवाच्या सुमारास भट्टी फुटली. रफिक गेला.

अस्तर पातळच होतं, माझेच कान चुकले, अशी समजूत घालत वर्षं काढली. २००३ साली शारजात विम्याच्या तपासनिसाकडून त्या अपघाताचा जुना अहवाल मागून घेतला आणि दोनदा वाचला. अस्तर सगळीकडे पूर्ण जाडीचं होतं. ते फुटलं होतं मागच्या बाजूने, आतल्या दिशेला.