वायर काढल्यानंतरचा वेग

जिंजा शहरात गेम कुणी डाउनलोड करत नाही, मागवतात. बाजारामागच्या कागोयाच्या गेम खेळायच्या दुकानातही तोच रिवाज होता. तिचा मित्र वांदेरा कंपालाहून डिस्क भरून आणायचा आणि तिचा धाकटा भाऊ किरुंडा गेम प्रत्येक कॉम्प्युटरवर चढवायचा. दुकानातलं इंटरनेट म्हणजे थेंब थेंब गळणाऱ्या नळाखाली पिंप ठेवण्यासारखं. म्हणूनच, कधी काही उतरवायला लावलंच, तर ते डाउनलोड मध्येच थांबवायचं नाही, हा सगळ्यांचाच नियम. निम्मं उतरलेलं टाकणं म्हणजे शिजत आलेलं अन्न मातीत ओतणं.

त्या सोमवारी किरुंडाने परदेशातून आलेल्या जुन्या मालातलं एक ग्राफिक्स कार्ड तिसऱ्या कॉम्प्युटरला बसवलं. स्क्रीन उजळली आणि कोपऱ्यात, खाली रोखलेल्या बाणाशेजारी, एक हिरवी पट्टी सरकू लागली. फाइलला नाव नव्हतं.

"ताई, वेग बघ!"

वांदेरा चपातीत गुंडाळलेलं अंडं चावत वाकला. "आयला! कुणाच्या लाइनवर डल्ला मारलास रे, चोरा?"

"पण उतरतंय काय?" कागोयाने विचारलं.

"उतरू दे की," वांदेरा म्हणाला. "एवढं आलंय, आता थांबवायचं होय? पाप लागेल."

दुपारी किरुंडाला रोजच्या गिऱ्हाइकाचं नाव आठवेना. दुसऱ्या दिवशी तो घरून दुकानाची वाट विचारू लागला. वांदेराने त्याला यथेच्छ चिडवलं. मलेरिया असेल म्हणून कागोया त्याला दवाखान्यात घेऊन गेली. रक्तात काही निघालं नाही. घरी येऊन त्याने चहात मीठ घातलं आणि निमूटपणे प्यायला. आईचा फोन आला, तो कानाला धरून नुसता बसून राहिला.

"ताई, ही कोण बाई रडतेय गं?"

पट्टी निम्म्यावर आली होती.

कागोयाने राउटरची वायर उपसली. बाकीच्या कॉम्प्युटरवरून आरडाओरडा झाला. तिसऱ्यावरची पट्टी सरकत राहिली. वेग तसूभरही कमी झाला नाही. भिंतीतून येणारी इंटरनेटची वायरही तिने काढली आणि तिचं टोक हातात धरून उभी राहिली.

"किरुंडा, बंद करतेय मी हे."

"कर ना. मला तर त्यातलं काही..."

तेवढ्यात वीज गेली. अख्ख्या रस्त्याची, नेहमी जाते तशी. पंखे थांबले. किरुंडाही थांबला. तोंड अर्धं उघडं, एक हात हवेत. कागोयाने नाकाशी बोट धरलं, मनगट चाचपलं. श्वास नव्हता. नाडी नव्हती.

वांदेरा जनरेटरकडे धावला. दिवे आले. पट्टी जिथे होती तिथूनच पुढे सरकली.

"...कळत नाही," किरुंडा म्हणाला.

त्यानंतर त्या कॉम्प्युटरच्या बटणाला कुणी हात लावला नाही. कागोया पेट्रोलचे कॅन आणून रचू लागली. निदान वेग तरी मंदावावा म्हणून तिने त्याच कॉम्प्युटरवर सगळ्यात जड गेम लावला. पेटीतले पंखे घरघरू लागले, पेटी हात लावू नये इतकी तापली. गेम अडखळला. पट्टी अडखळली नाही.

"ताई म्हण," ती त्याला सांगायची.

"ताई," तो म्हणायचा. आधी ओळखीने. मग शिकवल्यासारखा. मग नुसतेच ओठ हलवून.

"वांदेरा, काहीतरी कर रे."

वांदेराने थट्टा केली नाही. "काय करू, सांग. बंद केलं तर लगेच जाईल. चालू ठेवलं तर हळूहळू."

शनिवारी सकाळी पट्टी भरली.

किरुंडा खुर्चीत बसला होता. डोळे उघडे. श्वास संथ, अगदी निरोगी माणसाचा. कागोयाने त्याला लहानपणीच्या नावाने हाक मारली. त्याने मान वळवली नाही.

ती स्क्रीनकडे वळली.

पट्टीशेजारचा खाली रोखलेला बाण विझला होता. त्याच्या जागी वर रोखलेला बाण पेटला. किरुंडाला उतरवून घेणं संपलं होतं. आता इथून बाहेर वाटप सुरू झालं होतं.

बाणाखाली एक ओळ उमटली. घेणारे : एक.

तिने वाचेपर्यंत तिथे एकोणीस झाले होते.