शेवटच्या तंबूतला पाहुणा

ही गोष्ट खरी आहे. माझ्या नणंदेच्या बाबतीत घडलेली आहे, आणि ती बाई खोटं बोलत नाही. खोटं बोलायला समोर माणूस तरी लागतो. तिच्या घरात तेव्हा तोही नसायचा.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगरात उंचावर असलेल्या सोंग-कोल तलावाच्या काठची. सप्टेंबर संपत आला होता.

रात्र नव्हती. भर दुपार होती. असलं काही रात्रीच घडतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.

नणंदेचं नाव झूरा. आम्ही तिला एजे म्हणतो, म्हणजे मोठी बहीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती एक लेक मॉस्कोत. कोचकोर गावात एजेचं तीन खोल्यांचं घर आहे, आणि त्यात तेव्हा ती आणि चोवीस तास चालू ठेवलेला टीव्ही.

उन्हाळ्यात मात्र ती वेगळीच बाई असते. आम्ही सगळे जनावरं घेऊन वर कुरणात जातो, तेव्हा तीही तलावाकाठी दोन लोकरी तंबू उभारते. डोंगर तुडवत आलेले परदेशी लोक तिच्याकडे उतरतात. कुणी कोरियाचे, कुणी जर्मनीचे. एजेला त्यांची भाषा येत नाही, पण वाढायचं कसं ते येतं. कांद्याची पदर सुटलेली कत्तामा पोळी, वर बोटभर साय, परतलेलं मटण-बटाटे. पोरं बोटं चाटतात, एजेच्या गळ्यात पडून फोटो काढतात, पुन्हा येऊ म्हणतात.

कुणीही पुन्हा येत नाही.

त्या वर्षी काठावरचे सगळे तंबू उतरले. आमचंही सामान लॉरीत चढलं. एजेचा एक तंबू तेवढा उरला. लॉरीत जागा नव्हती, ती दुसऱ्या दिवशी परत येणार होती.

"एजे, आमच्याबरोबर चल," माझा नवरा मेदेत म्हणाला. "तंबू उद्या आणू. हवा बिघडतेय."

"बिघडू दे. माझं काय बिघडायचं राहिलंय?"

"हट्टी आहेस."

"तुझीच बहीण आहे. जा, बायको खोळंबलीय तुझी."

आम्ही निघालो. मी मागे वळून पाहिलं. एवढ्या मोठ्या काठावर एक तंबू, एक म्हातारी घोडी, आमचा कुत्रा अक्तोश... आणि एजे. तिला खाली यायचंच नव्हतं. मला ते तेव्हाच कळलं होतं. ती रिकाम्या घराला भीत होती.

पुढचं तिनं सांगितलेलं.

आम्ही गेल्यावर थोड्या वेळात धुकं उतरलं. मग बारीक गारांचा पाऊस सुरू झाला. तंबूच्या लोकरीवर तडतड... तडतड...

आणि एकदम थांबला.

वाराही थांबला. लाटांचा आवाज थांबला. एजे म्हणते, आपण बहिऱ्या झालो की काय असं वाटून तिनं मुद्दाम चमचा पातेल्यावर आपटून पाहिला.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला...

"एजे, आहेस का?"

"असणारच! जाणार कुठे? ये आत."

चाळिशीचा माणूस होता. डोक्यावर पांढरी उंच टोपी, अंगात पातळ कोट. दाराशी बूट काढून आत आला आणि दारासमोरच्या जागेवर, जिथे पाहुण्याला बसवतात तिथे, जाऊन बसला. रीतभात माहीत असलेला माणूस होता.

एजे आधी खूशच झाली. मग तिच्या लक्षात आलं...

अक्तोश भुंकला नव्हता.

हा कुत्रा ढगांवरसुद्धा भुंकतो. आता तो दाराशी पडला होता. त्या माणसाच्या बुटांवर डोकं ठेवून.

बूट कोरडे होते.

एजेनं ते पाहिलं आणि सोडून दिलं. इतक्या एकटेपणात आलेल्या माणसाच्या बुटांची चौकशी कोण करतं?

"गाइड आहेस का?" तिनं विचारलं.

"होतो. म्हणजे... आहे. खिंडीपलीकडे पोहोचवलं एका जोडप्याला."

"आणि घोडा?"

"पुढे गेला."

"घोडा पुढे आणि स्वार मागे? कुठला रे गाइड तू!"

"त्याला घाई होती," तो म्हणाला. "मी थांबलो."

तिनं पोळी मोडून पुढे ठेवली, मटण-बटाटे गरम केले. किटलीतून चहा ओतला. घोटभरच. आमच्यात पियाला कधी भरून देत नाहीत. पाहुण्यानं पियाला पुन्हा पुढे करायचा, आपण पुन्हा घोटभर ओतायचा, आणि अशा गप्पा लांबवायच्या. काठोकाठ भरून दिला की समजायचं... झालं, आता उठा. तोंडानं कुणाला जा म्हणायची वेळ येत नाही.

तो खात होता. चवीनं.

"कांदा जरा करपलाय, एजे."

"फुकटचं गिळतोयस आणि वर नावं ठेवतोयस?"

"नावं नाही ठेवत. करपलेलाच आवडतो मला."

एजे हसली. खळखळून. कोणीतरी खाण्यावरून तिच्याशी भांडत होतं, आणि तेही तिच्या भाषेत. पूर्ण उन्हाळ्यात असं झालं नव्हतं.

तिच्या पियाल्यातून वाफ निघत होती.

त्याच्या पियाल्यातून... नव्हती.

एकाच किटलीतला चहा. तिनं पुन्हा ओतला. धार वाफाळत पडली आणि त्याच्या पियाल्यात पडताच वाफ विझली.

आता ती घाबरली. घाबरली, पण उठली नाही.

"घरी कोण आहे तुझ्या?" तिनं हळूच विचारलं.

"घरी?" तो विचारात पडला. "होते सगळे."

मग त्यानं विचारलं, "तू का थांबलीस? सगळे तर गेले."

जे सख्ख्या भावाला कधी सांगितलं नाही, ते एजेनं त्याला सांगितलं. खाली तीन खोल्या आहेत आणि तिन्हींत मीच असते. लेक रविवारी फोन करते, जेवलीस का विचारते आणि हो म्हणेपर्यंत ठेवते. इथे निदान वाढलेलं ताट कुणीतरी संपवतं.

तो ऐकत होता. डोळे न मिटता.

"मग तू राहा," एजे म्हणाली. "जायची घाई नाही ना तुला? तंबू उतरवत नाही मी. पीठ आहे, मटण आहे. हिवाळाभर राहा."

बोलून गेल्यावर तिच्या अंगावर काटा आला. वर हिवाळा कुणी काढत नाही. कुणी काढायला गेलंच तर वसंतात त्याला शोधायला जावं लागतं.

तरी तिनं शब्द मागे घेतला नाही. मुद्दाम घोटभरच चहा ओतला. नेहमीपेक्षाही कमी.

तो पियाल्याकडे पाहत राहिला. मग त्यानं हात पुढे केला... आणि तिच्या हातातून किटली काढून घेतली.

पाहुणा कधी किटलीला हात लावत नाही. कधीच नाही.

त्यानं तिचा पियाला जवळ ओढला. ओतायला लागला. हळूहळू... अर्धा झाला... थांबला नाही... काठाला लागला.

आणि तिच्यासमोर ठेवला.

"अरे, भरलास की!" एजे कशीबशी हसली. "पाहुणी मी आहे की तू?"

तो हसला नाही.

"पी, एजे. आणि ऊठ. अजून वाट दिसतेय तोवर."

"हा माझा तंबू आहे!"

"पी."

एजेनं चहा प्यायला. बर्फासारखा गार होता. समोर काठोकाठ आल्यावर आपला माणूस उठतो, त्याला कारण लागत नाही. तीही उठली. दाराशी तिनं कुत्र्याला हाक मारली.

"अक्तोश, चल."

त्यानं शेपटी हलवली. उठला नाही.

संध्याकाळी आम्ही खालच्या वस्तीत जेवायला बसलो होतो. दारात एजे उभी. ओठ निळे, घोडी घामानं भिजलेली.

पाठोपाठ बर्फ सुरू झालं. खिंड बंद झाली. लॉरी वर जाऊच शकली नाही.

सगळं ऐकल्यावर मी तिचे पाय चोळत म्हटलं, "एजे, कुणी का असेना, वाचवलं त्यानं तुला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून दिसते.

"वाचवलं? हाकललं गं त्यानं मला. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तोंडानं राहा म्हटलं. जिवंत नव्हता तो, कळतं मला. जिवंत नसलेल्यालासुद्धा मी नको झाले."

तिला मी छातीशी धरलं आणि रडले.

बर्फ जरा बसल्यावर, बऱ्याच दिवसांनी, मेदेत दोघांना घेऊन घोड्यावरून वर गेला. कुत्रा मेला असणार असंच आम्ही धरून चाललो होतो. तंबू जागेवर होता. आत कुणी नव्हतं.

अक्तोश दाराशी बसला होता.

"माझ्याहून गुबगुबीत झालाय," मेदेत घरी येऊन म्हणाला. पण हसला नाही. त्या रात्री तो जेवलाही नाही.

तेव्हापासून आम्ही एजेला हिवाळ्यात आमच्याकडेच ठेवतो. घर माणसांनी भरलेलं आहे, गोंगाट आहे. पण ती कोपऱ्यात अवघडून बसते, आणि मी चहा ओतायला लागले की बोलणं थांबवून माझ्या हाताकडे बघते. मी धार आखडती घेते. चुकून जरा जास्त पडला तर?

काल आम्ही लॉरीतून सामान घेऊन खाली आलो. एजे आली नाही. या वर्षीही तिनं एक तंबू मागे ठेवलाय.

वरून निघायच्या आधी मी तिला विचारलं होतं, "एजे, भीती नाही वाटत तुला?"

ती पोळ्या लाटत होती. खूप. एकट्या बाईला लागतील त्यापेक्षा खूपच.

"कसली भीती?" ती म्हणाली. "या वेळी किटली मी हातातून सोडणार नाही."

मेदेत पहाटेच घोडा घेऊन वर गेलाय. आता दुपार टळली आहे. खिंडीवर धुकं उतरलंय, आणि अजून कुणी परत आलेलं नाही...