साबणाची झाडं

“साबण तो साबण... आणि म्हणे पृथ्वीचं ऋण फेडतो.”

लिफ्टमध्ये तिच्या शेजारी उभा असलेला उंच माणूस हातातल्या खोक्याकडे बघत पुटपुटला. खोक्यावरची ती ओळ तिनेच लिहिली होती; कंपनीच्या जाहिराती तीच लिहायची. याच ओळीवर तिची बढती ठरत आली होती.

“आधी अंघोळ करून बघा,” ती म्हणाली, “मग बोला.”

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

दुपारी कळलं, कंपनीचे दावे तपासायला आलेला नवा तपासनीस तो हाच. कायदा बदलला होता. पर्यावरणाचा दावा करायचा, तर पुरावा लोकांपुढे मांडायचा. कंपनीचा दावा असा, की कारखान्याचा जेवढा धूर, तेवढा शोषून घेणारी झाडं आम्ही पैसे मोजून लांबच्या टेकडीवर वाढवतो, म्हणजे फिटंफाट. ऑफिसने दोन दिवसांत त्याचं नावच ‘पुरावा’ ठेवलं.

पुरावा रोज तिच्या टेबलाशी यायचा.

“‘हिरवागार’... कशावरून?”

“घरीही असंच बोलता? आईने भाजी छान झालीय म्हटलं, की—”

“आई चव घ्यायला लावते,” तो गंभीरपणे म्हणाला. आणि मग हसला. त्या हसण्याचं करायचं काय, हे तिला संध्याकाळपर्यंत कळेना. आसपासच्या टेबलांवर भुवया उंचावत.

मग दोघं टेकडी बघायला गेली. झाडं होती की... अगदी त्याच्या खांद्याला लागणारी. निसरड्या उतारावर त्याने तिचा हात धरला, आणि सपाटीवर सोडायला विसरला. की विसरला नव्हता? तिचा नुसता गोंधळ.

पाटीवर कंपनीचं नाव दिसताच ती खुलली. “घ्या पुरावा.”

तो पाटीच्या मागे गेला. “इकडे या जरा.”

मागच्या बाजूला दुसऱ्याच कंपनीचं नाव होतं. झाडं तीच, गिऱ्हाइकं दोन. येणारा पाहुणा बघून पाटी फिरवत असावेत.

बैठकीत साहेब म्हणाले, “कायद्याची कटकट नको. ‘फेडतो’ऐवजी ‘फेडू पाहतो’ करू या का?”

सगळे आपापल्या कपात बघत होते. पुरावासुद्धा. चहाच्या गोडीलाही ‘कशावरून’ विचारणारा माणूस आज मूग गिळून बसला होता. हा भ्याला? ती चक्रावली. तेवढ्यात त्याने चोरून तिच्याकडे पाहिलं, आणि उलगडा झाला. ओळ तिची होती... म्हणून.

तिला राग आला आणि रडूही. आधी कोणाला वाट द्यावी, ते ठरेना. ती उठूनच उभी राहिली.

“साहेब, ती झाडं दोघांना विकलीत. आपला साबण कुणाचं काही फेडत नाही. मळ काढतो, तेवढंच लिहू या.”

कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला. बढती त्या आवाजातच गेली असावी. ती पुराव्याकडे वळली.

“आणि तुम्ही... तुम्ही मला आवडता. पण हे असे गप्प बसलेले नाही.”