मिनिटभराचा नमुना

वाचनालयाच्या दारात मी ज्याला धडकले आणि ज्याचा चहा त्याच्याच स्वेटरवर सांडला, तोच तिथले कॉम्प्युटर बघतो हे कळल्यावर मला पळून जावंसं वाटलं. पण माझं काम अडलं होतं.

"दे इकडे," सेल्बी स्वेटर झटकत म्हणाला. "ओळख व्हायच्या आधी अंघोळ घातलीस, आता लाजतेस कशाला?"

मी कॅमेऱ्यातलं कार्ड पुढे केलं. त्यात आमच्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यालगत उलटलेला हिमनग होता. डोंगराएवढा तो... सावकाश कुशीवर वळला आणि त्याची निळी पाठ पाण्याबाहेर आली. मी शूटिंग करत होते. बाबांना मात्र तो दिसलाच नाही. लाट यायच्या आत बोट लांब न्यायची म्हणून ते त्याच्याकडे पाठ करून सुकाणूला चिकटले होते. सगळा जन्म समुद्रावर गेला, पण हे बघायचं राहिलं. आता त्यांची नजर जात चालली होती. डॉक्टर म्हणाले होते, हिवाळ्यापर्यंत. आणि व्हिडिओ काही केल्या चालत नव्हता.

सेल्बीने दोन-तीन प्लेयर बदलून पाहिले. पडदा काळाच. मग त्याने समजावलं, की गारठ्याने बॅटरी बंद पडली, त्यामुळे कुठलं चित्र कुठे आहे ही शेवटची नोंद कॅमेऱ्याने केलीच नाही. चित्रं आत आहेत. त्याच कॅमेऱ्यातला एखादा धड व्हिडिओ असेल, तर त्यावरून नोंद पुन्हा तयार करता येईल.

बाकी सगळे मी पुसून टाकले होते.

"मग नवा काढ. मिनिटभर पुरे."

"कशाचा?"

"कशाचाही... हलणारं काहीतरी हवं."

मी कॅमेरा त्याच्यावरच रोखला. तो खिडकीबाहेर बघायला लागला, ओली बाही ओढत बसला, कान लालबुंद झाले. पुरे झालं का, असं त्याने दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन गेले. ते पडद्याला नाक लावून बसले. हिमनग कलला, वळला... आणि ती निळाई वर आली. बाबांनी टोपी काढून हातात घेतली. तो उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पसरला होता. हिमनग मी पाहिलेला होता, पण बाबांना असं कधीच पाहिलं नव्हतं. मला रडू आलं.

लगेच पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला. खिडकी, स्वेटर, लाल कान. संपता संपेना.

"विनी," बाबा म्हणाले, "हिमनगापेक्षा याच्यावरच जास्त वेळ घालवलास की गं." मग सेल्बीकडे वळून म्हणाले, "मला पुन्हा पहिला लावून दे, पोरा. आणि तुम्ही दोघं जरा बाहेर जा."

आम्ही त्याच दारात येऊन उभे राहिलो.

"मिनिटभराचाच लागत होता," सेल्बी हळूच म्हणाला. "मी काल बघितला... सगळा."

"मग?"

"मग काही नाही. आता पुरे झालं का, असं मी विचारणार नाही."