दुसरी येई ऱ्हायनी

सत्त्याऐंशी सालच्या डिसेंबरची दहा तारीख. गुरुवार. अमावस्या नव्हती की पौर्णिमा नव्हती. भुतं पंचांग बघून निघतात हे तुम्हाला कोणी सांगितलं रे पोरांनो? संध्याकाळचे सव्वासात झाले होते आणि आमचा अभिमन पोरीला घ्यायला निघाला होता. निघाला म्हणजे काय, दुकानाला कुलूप लावून, टॉर्च घेऊन वीस पावलं चालला आणि रेल्वे फाटकापाशी उभा राहिला. त्याची पुष्पा शिवणक्लासातून पलीकडून सायकलवर यायची होती. त्या दिवशी लाइट गेली होती, म्हणून तो निघाला. एरवी निघाला नसता.

फाटक जळगावातलंच. कोणतं ते विचारू नका, त्याच्या दोन्ही अंगांना अजून लोक राहतात.

अभिमनचं पंक्चरचं दुकान फाटकाला लागूनच होतं. गाड्या बघायचा त्याला भारी नाद. भुसावळ शटल आज किती लेट आहे, ते तो ट्यूबला ठिगळ लावता लावता सांगायचा. संध्याकाळी फाटक पडलं की पलीकडे अपडाऊनवाल्यांची झुंबड उडायची. सगळ्यांना घरी जायची घाई. दांड्याखालून वाकून थेट रुळांपाशी जायचे, आणि समोरची गाडी गेली रे गेली की शेवटच्या डब्यामागून पाऊल टाकायचे. पण त्या गाडीच्या आडून, अलीकडच्या रुळावरून दुसरी येत असली तर त्यांना दिसायची नाही. अभिमनला दिसायची. मग तो दुकानातूनच बोंब मारायचा, "थांबा रे! दुसरी येई ऱ्हायनी!" आणि माणसं थांबायची. दहा वर्षं ही फुकटची हमाली त्यानं केली. गेटमन चांद हसून म्हणायचा, "मेरी आधी नौकरी तो तू करता है."

त्या दिवाळीच्या आधी लीलाधर नावाच्या कारकुनाशी त्याचं वाजलं. लीलाधर रोजचा भुसावळचा अपडाऊनवाला. त्यानं चारचौघांत सुनावलं, "तू काय टेसन मास्तर शे का? पंक्चरं काढ नि तोंड बंद ठेव!" लोक हसले. अभिमनच्या ते फार जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या रुळावरून मालगाडी जात होती आणि तिच्यामागे लीलाधर उभा होता. अलीकडच्या रुळावरून एक्सप्रेस येत होती. अभिमननं ती पाहिली, लीलाधरला पाहिलं आणि तोंड बंद ठेवलं. एवढंच. मोजून दोन श्वास. लीलाधर गेल्यावर लोकांनी विचारलं तेव्हा म्हणाला, मी खाली मान घालून पंक्चर काढत होतो. सगळ्यांनी खरं मानलं. मला त्याचा राग येतो, आणि खोटं कशाला बोलू, कीवही येते.

तर तो गुरुवार. फाटक पडलं. पलीकडच्या रुळावरून मालगाडी आली. डबे संपता संपेनात. दोन डब्यांच्या फटीतून टॉर्चच्या उजेडात अभिमनला लाल स्वेटर दिसला. पुष्पा. दांड्याच्या आत, रुळांना खेटून, सायकल धरून.

आणि त्याच्या पायाखालची जमीन थरथरली.

त्यानं मान वळवली. अलीकडच्या रुळावर... दिवा.

तो ओरडला. म्हणजे तोंड उघडलं, छाती भरली, गळ्याच्या शिरा तटतटल्या...

आवाज नाही.

पुन्हा ओरडला.

नाही.

मालगाडीचा शेवटचा डबा गेला. पुष्पानं सायकल पुढे ढकलली. पहिला रूळ. दुसरा...

"थांब!"

अभिमननं ऐकलं. आवाज त्याचाच होता. त्याचे ओठ मिटलेले होते.

एक्सप्रेस मधून गेली. डोळ्यांपुढून नुसत्या खिडक्या... खिडक्या... खिडक्या. तो डोळे मिटून खाली बसला. डोळे उघडायचं धाडस होईना.

मग सायकलची घंटी वाजली. पुष्पा समोर उभी होती. धडधाकट. हसायला बघत होती. "आबा, किती जोरमा वरडनात तुम्हीं! मी जागवरच थांबनू." मग तिनं मागं वळून फाटकापलीकडचा अंधार पाहिला. "पन तुम्हीं तं आठे शेत... मना मांगे कोण वरडनं?"

अभिमननं तिच्या हातातून सायकल घेतली आणि घराकडे वळला.

सकाळी उठून तो लीलाधरच्या घरी गेला. त्याची बायको लताबाई दारात धान्य पाखडत होती. अभिमननं सगळं सांगितलं. गाडी पाहिली होती, माणूस पाहिला होता, रागानं गप्प बसलो. लताबाईचं सूप हातातच राहिलं.

"तुम्हीं दखं व्हतं?"

"हां. दखं. नि मी त्याले..."

ओठ हलले. लताबाईला वाटलं, रडं आलं असेल. तो पुन्हा म्हणाला, "मी त्याले..." बाकी शब्द खणखणीत. पुष्पाला ज्यानं थांबवलं, तो एकच शब्द निघेना. ती उठली आणि तिनं दार लावून घेतलं.

डॉक्टर झाले, दर्गा झाला. गळ्यात काही दोष नाही. अभिमन आजही तासन्‌तास गप्पा मारतो, गिऱ्हाइकाशी भांडतो, भजनात वरच्या पट्टीत गातो. मागच्या महिन्यात त्याच्याकडे गेलो होतो. पुष्पाचा धाकटा पोरगा खेळता खेळता रस्त्याकडे पळाला. समोरून ट्रॅक्टर येत होता. अभिमन ताडकन उठला, तोंड उघडलं... आणि दोन्ही हातांनी जोरजोरात टाळ्या वाजवू लागला. पोरगं जागच्या जागी थांबलं. टाळी वाजली की थांबायचं, असं घरातल्या सगळ्या पोरांना त्यानं शिकवलंय.