कोरडं तसराळं

"आत्या, जमेल तितक्या लवकर ये. बाबा स्टुलावरून पडलेत. डोक्याला खोक पडलीय. आणि बोलत नाहीत गं. एकच शब्द सारखा म्हणतात."

"कोणता?"

"उलटी."

आत्याने रिसीव्हर ठेवला आणि रात्रीच्या गाडीसाठी पिशवी भरायला घेतली.

चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेली ही बाई. ती कागदावरच्या चुका खोडायची आणि तिचा भाऊ धातूवरच्या चुका जपायचा. ब्रिटनची आणि राष्ट्रकुलाची नाणी, त्यातही टाकसाळीत बिघडलेली. वीस पेन्सचं एक होतं, त्यावर सालच नव्हतं. दुसऱ्यावर 'टू पेन्स'च्या जागी 'न्यू पेन्स' पडलं होतं. "तुझ्यासारखी एखादी तिथे असती तर माझी पेटी रिकामी राहिली असती," असं तो चिडवायचा. त्यावर ती म्हणायची, "तुझं आयुष्यच खोडून समासात 'राहू दे' लिहिल्यासारखं आहे." चुकून खोडलेला शब्द परत ठेवायचा, तर मुद्रितशोधक समासात तेवढे दोनच शब्द लिहितो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोहोचली. दादा खिडकीशी पडून होता, डोकं पांढऱ्या पट्टीत बांधलेलं. बहिणीला पाहताच त्याचे डोळे भरले. ओठ वेडेवाकडे हलले.

"उल... टी."

भाची तसराळं घेऊन धावली. दादाने ते हाताच्या उलट्या बाजूने ढकललं. तसराळं घरंगळत पलंगाखाली गेलं. आत्याने वाकून उचललं. तळाला घातलेल्या वर्तमानपत्राची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"हा कागद कधीचा?"

"कालचा."

"म्हणजे एकदाही झाली नाही?"

"एकदाही नाही. डॉक्टरकाका म्हणाले, मळमळ आतल्या आत असते. काल चार वाजता त्यांनी उलटीचं इंजेक्शन दिलं. रात्रभर बाबा लाकडासारखे झोपले. आज चारला परत येतील."

"इस्पितळात का नाही नेलं?"

"तेच म्हणाले, हलवू नका, मी बघतो. देवमाणूस गं. मोबाइलवर फोन केला आणि पाच मिनिटांत दारात हजर!"

"त्यांचा दवाखाना नदीपलीकडे ना?"

"जवळच कुणाला तरी बघायला आले होते म्हणे."

"पडला तेव्हा घरात कोण होतं?"

"कुणीच नाही. मी कामावर; साडेतीनला आले तर बाबा जमिनीवर. शेजारी म्हणाले, सकाळी अकराला तो भिंगवाला येऊन गेला होता." नाण्यांच्या या दलालाच्या डोळ्याला भिंग जन्मापासून चिकटलेलं, असं सगळे म्हणायचे. "त्याचंच काम आहे, आत्या! पण पेटी मी तपासली. एकही कप्पा रिकामा नाही."

दुपारी दोन वाजता आत्या नाण्यांच्या खोलीत गेली. मखमलीचे कप्पे, तराजू, कापसाचे हातमोजे. स्टूल अजून आडवंच होतं. त्याच्या पायाशी तपकिरी डाग सुकला होता. ती तो ओलांडून पेटीपाशी गेली.

उलटी.

शब्द बरोबर असतो, जागा चुकते. किती वेळा तिने हे नव्या पोरांना शिकवलं होतं!

चौथ्या खणात, मधल्या कप्प्यात, दादाची लाडकी होती. पाचव्या जॉर्जची पेनी. पुढे राजाचं डोकं, मागे ढाल-त्रिशूळ घेऊन बसलेली बाई. नेहमीची पेनी पुस्तकाच्या पानासारखी फिरवली, की बाई सरळ बसते. हिचा मागचा साचा मात्र उलटा बसला होता. हिला कॅलेंडरच्या पानासारखं खालून वर फिरवावं लागे, नाहीतर बाई शीर्षासन करी. आत्यानेच गंमत म्हणून तिच्यावर चार ओळी रचल्या होत्या:

पान उलटता साऱ्या सुलट्या,
कॅलेंडर उलटता ही;
चूक जिची तिलाच शोभे,
दुसरीस शोभत नाही.

आत्याने मोजा चढवला. पेनी कडेने धरली आणि खालून वर फिरवली.

मग एकदा पानासारखीही फिरवून पाहिली. नाणं तिने जसंच्या तसं ठेवलं, स्वयंपाकघरात गेली आणि कुजबुजत दोन फोन केले. एक भिंगवाल्याला, एक फौजदाराला.

पावणेचारला भिंगवाला आला, घामाने निथळत. "ताई, लोक माझ्याकडे कसे बघतायत! मी नुसता चहा घेऊन गेलो हो. दादांनी दारापर्यंत सोडलं मला!"

"पेटी दाखवली का त्यांनी?"

"कुठली? नुसतं बोलले. ती लाडकी पेनी ते संग्रहालयाला देणार होते, डॉक्टरांना महिन्यापूर्वीच सांगितलंय म्हणाले. ऐकून माझाच जीव कळवळला. डॉक्टरांचं काय होणार! वीस वर्षं दर रविवारी तिचं दर्शन घ्यायचे ते."

चारचे ठोके पडले आणि दार वाजलं. डॉक्टर आत आले. मऊ आवाज, स्वच्छ नखं. त्यांना पाहताच दादाची बोटं चादरीत रुतली. घशातून आवाज निघाला, फासात अडकलेल्या पाखरासारखा.

"उल... टी... उल..."

"हो हो, थांबवू या ती." डॉक्टरांनी सुई कुपीत खुपसली.

  आत्या पलंगाच्या आणि सुईच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"डॉक्टर, एक क्षण. पेटी शाबूत आहे ना, एवढं दोघांनी बघून सांगा. पोरीच्या जिवाला घोर लागलाय. ही दादाची लाडकी, चौथ्या खणातली."

तिने पेनी आधी भिंगवाल्याच्या हातात दिली. त्याने कडेने धरून ती खालून वर फिरवली, कॅलेंडरच्या पानासारखी. बाई खाली डोकं वर पाय झाली. त्याचं भिंग डोळ्यावरून गळून पडलं.

"ताई... ही..."

"गप्प. डॉक्टर, तुम्ही?"

डॉक्टरांनी घाईने पेनी घेतली. बोटांनी ती पुस्तकाच्या पानासारखी वळवली. बाई ताठ बसली.

"हीच. जागेवर आहे. आता बाजूला व्हा, ताई."

"नाही होणार," आत्या म्हणाली. आवाज कापत होता, शब्द नाही. "तुम्ही हिला पानासारखं का वळवलंत?"

"म्हणजे?"

"दादाची लाडकी पानासारखी वळवली तर शीर्षासन करते. हे माझ्याखेरीज तिघांनाच ठाऊक. दादा, भिंगवाले आणि तुम्ही. भिंगवाल्यांना वाटलं ही तीच, म्हणून त्यांनी खालून वर फिरवली आणि फसले. तुमच्या बोटांना आधीच माहीत होतं, की ही साधी पेनी आहे. कारण ही इथे तुम्हीच ठेवलीत."

डॉक्टर हसले. हसू ओठांवरच वाळलं. "तुमच्या भावाला मेंदूला मार लागलाय. उलटी होतेय त्याला."

"तसराळं काल दुपारपासून कोरडं आहे. आम्हाला शब्द कळला नाही, ती आमची चूक. पण तुम्ही वीस वर्षं त्या पेनीला याच नावाने हाक मारलीत. हा माणूस चोरीला गेलेल्या वस्तूचं नाव घेत होता, आणि ते ऐकून तुम्ही त्याला झोपेचं इंजेक्शन दिलंत. रविवारी तुम्ही बदली नाणं ठेवलंत. काल भिंगवाले गेल्यावर दादाने संग्रहालयासाठी पेनी काढली, फिरवली आणि तुम्हाला बोलावलं. पुढचं त्या डागाला विचारा. पाच मिनिटांत कसे आलात? तुम्ही गल्लीतून गेलाच नव्हता!"

भाचीच्या हातून पाण्याचा पेला पडला. "काका?"

डॉक्टरांनी सुई घट्ट धरली. एक पाऊल पुढे. आत्याने डोळे मिटले, पण जागा सोडली नाही.

"ठेवा ती खाली," केव्हाचा स्वयंपाकघरात थांबलेला फौजदार दारातून म्हणाला.

सुई ट्रेमध्ये टणकन पडली. डॉक्टरांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून कापसाची पुडी काढली. ती उलगडतानासुद्धा त्यांनी पेनी कडेनेच धरली होती.

"संग्रहालयाच्या काचेआड!" ते पुटपुटले. "तिला परत कुणी हातात घेऊन फिरवलं नसतं. मी नुसतं त्याच्या हातातलं ते बदली नाणं ओढलं. त्याने सोडायला हवं होतं."

दादाला त्याच संध्याकाळी इस्पितळात नेलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या डोळ्यांतली झापड उतरली. फौजदाराच्या परवानगीने आत्याने दोन मिनिटांपुरती ती पेनी त्याच्या तळहातावर ठेवली. अंगठा हळूच हलला. खालून वर. बाई ताठ बसली.

"उलटी," दादा म्हणाला, स्पष्ट.

भाचीने सवयीने तसराळं उचललं, मग तेच छातीशी धरून हसत-रडत बसली.

आत्याने पदराने चष्मा पुसला. "दादा, या नावापायी जीव जात होता तुझा. दुरुस्त करू का?"

त्याने पेनी मुठीत घेतली. ओठांची जुळवाजुळव झाली. मग पडल्यापासूनचे पहिले नवे शब्द आले.

"राहू दे."