भुंग्याचे नाक

शीतगृह गार ठेवणारा अमोनिया वायू गळत होता, आणि तरीही भुंग्या निवांत बसून होता. हे कसे घडले, याचे कोडे अबोलीला काही केल्या उलगडेना.

भुंग्या हा यंत्रश्वान (कुत्र्याच्या आकाराचे यंत्र) होता. दाभोळच्या खाडीवर तरंगणाऱ्या मासळीच्या शीतगृहात विषारी वायू हुंगून घंटा वाजवणे, हे त्याचे कर्तव्य. मागल्या महिन्यात त्याचे नाक मंदावले, तेव्हा परदेशी कारखान्याला अबोलीनेच मोठ्या हौसेने इंग्रजी पत्र लिहिले. कारखान्याने त्याला साबणाने लख्ख धुऊन, वर अत्तर शिंपडून परत पाठवले. नाक मात्र जसेच्या तसे राहिले. आज ते शीतगृह चालवणारे तिचे बाबा गुदमरता गुदमरता वाचले होते. शनिवारी भुंग्याला भंगारात काढायचे, असे त्यांनी ठरवले.

अबोलीने पत्राची प्रत यंत्रशास्त्रज्ञ आजोबांपुढे ठेवली. तीत होते, 'अवर डॉग स्मेल्स बॅड.'

आजोबांनी चष्मा कपाळावर सारला. "बाय माझे, आमच्या कुत्र्याला घाण वास मारतो, असं कळवलंस तू त्यांना."

अबोलीचा चेहरा उतरला. आजोबांनी शांतपणे समजावले. मराठीत वास येणे निराळे आणि वास घेणे निराळे. इंग्रजीत दोहोंना एकच क्रियापद आहे. म्हणून पुढचा शब्द कोणाला चिकटतो, हे पाहावे. 'बॅड' हे विशेषण (नामाचा गुण सांगणारा शब्द) कुत्र्याला चिकटले. 'बॅडली' हे क्रियाविशेषण (क्रिया कशी होते ते सांगणारा शब्द) हुंगण्याला चिकटले असते. 'लुक्स गुड' म्हटले की दिसणारा चांगला. 'सिंग्ज वेल' म्हटले की गाणे चांगले.

"मग 'रन फास्टली' म्हणायचं?"

"नाही. 'फास्ट' दोन्ही कामांना तसाच चालतो. इंग्रजीतही हट्टी पोरं आहेत, तुझ्यासारखी."

"आता 'बॅडली' लिहिते."

"लिही. पण एका शब्दावर विसंबू नको. त्याला काय जमत नाही, तेही मोजून लिही."

आजोबांनी तोंडावर मुखवटा चढवला आणि अमोनियात भिजवलेला कापसाचा बोळा चिमट्यात धरून भुंग्यापासून पाच हातांवर नेला. घंटा वाजली नाही. तीन हातांवरही नाही. एका हातावर क्षीण किणकिणली. अबोलीने दुरून सारे टिपून घेतले. मग ती बाबांकडे गेली आणि म्हणाली, "चूक माझ्या पत्राची होती, भुंग्याची नव्हे." बाबांनी शनिवारचा बेत पुढे ढकलला.

अबोलीच्या नव्या पत्रासोबत भुंग्या पुन्हा कारखान्यात गेला आणि नवे नाक घेऊन आला. आठवड्याभरातच एका सकाळी त्याने घंटा वाजवली. बाबा आणि त्यांचे सहा सोबती वेळीच बाहेर पडले. मागाहून अमोनियाच्या नळीला केसाएवढी भेग सापडली.

त्यानंतर शेजारच्या शीतगृहातून बोलावणे आले. त्यांचा यंत्रश्वानही मंदावला होता, आणि पत्र अबोलीनेच लिहावे असा त्यांचा आग्रह होता. बाबांनी तिच्यापुढे कोरा कागद ठेवला.

"लिहीन," ती उठत म्हणाली, "आधी त्यांच्या यंत्रश्वानाला भेटून येते."